वरवंटा गहाण ठेवून

सिस्टरबाई कोणाच्याही घरात शिरल्या की माणसांकडे मागाहून बघायच्या, आधी भिंतीची नाडी पाहायच्या. चपला दाराबाहेर, पुरुषी काळी छत्री कोपऱ्यात, आणि मग उजव्या हाताची बोटं भिंतीला टेकवून, डोळे मिटून उभ्या. तोवर घरातल्या कोणी तोंड उघडायचं नाही. भांडं वाजलं तरी त्यांची भुवई वर जायची. मग निकाल लागायचा. "ओल हाय. लेकराले खोकला होईन." नाहीतर, "बरी हाय. टिकीन." स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीसमोर चोरासारखी उभी राहिलेली माणसं मी त्यांच्यामुळेच पाहिली, आणि त्या चोरांत मीही होते.

मी जन्माची भित्री. पालीला भ्यायची, मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला भ्यायची. तारवाल्याला तर इतकी, की तो शेजारच्या दारी थांबला तरी मी देव पाण्यात ठेवायची. पण सिस्टरबाईंची भीती काही वेगळीच होती बाप्पा! बाकीच्या भीती येतात आणि जातात. ही एकदा आली ती मुक्कामालाच.

नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यातून त्या नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. नाव काहीतरी असणारच, पण सगळा गाव सिस्टरबाईच म्हणायचा. पांढरं पातळ इतकं खळ घातलेलं की त्या बसल्या की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. पिशवीत स्वतःचा स्टीलचा गिलास, कारण दुसऱ्याच्या गिलासावर त्यांचा भरवसा नव्हता. सोबत लाल साबणाची वडी. जेवणाआधी हात धुवायच्या, जेवणानंतर धुवायच्या, आणि कोणी लग्नाची पत्रिका हातात दिली तर ती घेतल्यावरही धुवायच्या.

लग्नाला त्या कधी जात नसत, आणि लग्नासाठी कधी पैसाही देत नसत. दुकानासाठी नाही, तीर्थयात्रेसाठी नाही, म्हशीसाठी नाही. द्यायच्या ते फक्त घरासाठी, आणि घरासाठीही फक्त सुरुवातीची रक्कम. "लग्न एका हारात होते," त्या म्हणत, "घर नाई होत हारात. पयले पैसे भरल्याशिवाय घराचं दारच उघडत नाई. पुढचे हप्ते माणूस मरत मरत भरते." व्याज घेत नसत. लिहून घेत नसत. म्हणत, कागद झाला की दहा डोळे पाहतात, एकटीच्या घरात कागद ठेवू नये. सोनं-नाणं ठेवून घेत नसत. गहाण म्हणून त्या एकच वस्तू मागायच्या, घरातला वरवंटा.

हसू येतं ना? मलाही आलं होतं, आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा. पण ते हसू फार टिकलं नाही, कारण त्या दिवसांत आमच्या डोक्यावरचं छप्पर रोज थोडं थोडं जात होतं. हे मी अलंकारिक बोलत नाही. नागपुरातल्या महाल भागात आमची भाड्याची खोली होती, कवेलूची, म्हणजे कौलारू. मालकाला ती रिकामी हवी होती, आणि आम्ही दुसरीकडे कुठे जात नाही म्हटल्यावर त्याने दुरुस्तीच्या नावाखाली कवेलू उतरवायला सुरुवात केली. आज चुलीवरचे, उद्या दाराजवळचे. मी स्वयंपाक करताना वर बघायची तर ढळढळीत आभाळ. ऊन सरळ तव्यावर यायचं. पावसाळा तोंडावर होता, आणि मला रोज वाटायचं की आज मालकाचा माणूस वर चढला तर तो आमच्या झोपायच्या जागेवरचेच काढेल.

त्यातच एका गृहनिर्माण सोसायटीत आमची चिठ्ठी निघाली. मानेवाड्याच्याही पुढे, तुरीच्या वावरात उभे केलेले दोन-दोन खोल्यांचे गाळे. आमचे हे एका कंपनीत टायपिस्ट. महिन्याचा हप्ता ओढताणीने जमला असता. पण महिनाअखेरच्या आत सुरुवातीची रक्कम भरायची होती, नाहीतर घर पुढच्या नंबराला जाणार. ह्यांच्या टायफॉइडमध्ये माझं होतं नव्हतं सोनं विकून झालं होतं. थोरल्या दिरांनी "पाहू" म्हटलं, आणि त्यांचं "पाहू" म्हणजे कधीच नाही, हे आम्हांला ठाऊक होतं. ऑफिसातून पुढच्या वर्षी मिळणार होते. पुढच्या वर्षापर्यंत वर एकही कवेलू उरला नसता.

शेवटी मी एकटीच गेले. बर्डीच्या बाजारामागच्या गल्लीत सिस्टरबाईंची एक खोली होती, तीही भाड्याचीच. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि माझे पाय जमिनीला चिकटले. खाटेवर मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीत, पांढऱ्या फडक्यांत गुंडाळलेली, एका रांगेत ठेवलेली लहान लहान बाळं. रडत नव्हती, हलत नव्हती. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली असती, पण तितक्यात मागून आवाज आला, "वरवंटे होत ते. मेले नाईत. बस."

मी बसले. सिस्टरबाईंनी काही विचारण्याआधी माझं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "तुले दिवस गेले."

माझी मलाच अजून खात्री नव्हती. ह्यांनाही बोलले नव्हते. मी हात ओढून घेतला.

"भेली काहून? चांगलं हाय. पोटुशी बाई खोटं बोलत नाई, पाप लागीन म्हून भेते. बोल आता."

मी सगळं सांगितलं. कवेलूंचं, चिठ्ठीचं, महिनाअखेरचं. रडणार नाही असं ठरवून गेले होते, पण रडले. त्या तोवर साबणाने हात धूत होत्या.

"देईन," त्या म्हणाल्या. "माहे पैसे महिन्याच्या हप्त्यानं फेडशीन. वरवंटा नेईन तुह्या घरचा. सोनं कायले नाई मागत, माहीत हाय? सोनं पेटीत राह्यते. पेटीतलं माणूस विसरते. वरवंटा रोज लागते. रोज तू चटणी कराले बसशीन, हात वरवंट्यावर जाईन, वरवंटा नसन. तुले हप्ता याद येईन. भेव पाहिजे माणसाले. भेव गेलं का घर गेलं."

आणि मग त्यांनी दुसरी अट सांगितली, जी तेव्हा मला फार सुखाची वाटली. "हप्ते फिटले का वरवंटा परत आणून देईन, अन् मंग तुह्या घरात पाय नाई ठेवणार. ज्याचं घर त्याचं. मी कायले येऊ?"

वरवंटा न्यायला दुसऱ्याच दिवशी त्या सायकलरिक्षाने आल्या. मला माझ्या आईने दिलेला पाटा-वरवंटा तो, नरखेडकडच्या आमच्या गावाहून एस.टी.च्या टपावरून आलेला. वरवंट्याच्या एका टोकाचा टवका उडाला होता, आणि त्या खळग्यात माझा अंगठा नेमका बसायचा. सिस्टरबाईंनी तो धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून रिक्षात बसल्या. वर छत्री उघडली. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "हळू चालव गा, खड्डे पाहून." सगळी गल्ली दारांत उभी राहून बघत होती. ह्यांना हसू आवरेना. मला मात्र असं वाटलं की घरातलं एक माणूस उठून गेलं.

रक्कम वेळेत भरली गेली आणि पाऊस लागायच्या आत आम्ही नव्या घरात आलो. घर कसलं, तुरीच्या वावरात ठेवलेली आगपेटी. दिवे आले नव्हते, रस्ता नव्हता, मागे बाभळी, आणि बाभळींत काय काय असेल या विचाराने मी दिवसाढवळ्यासुद्धा मागचं दार लावून घ्यायची. पण वर पक्कं छप्पर होतं. पहिले काही दिवस मी उगाच वर बघत बसायची.

सिस्टरबाई महिन्यातून एका रविवारी यायच्या. आधी भिंत. मग माझं मनगट. मग पाटा. रिकाम्या पाट्यावरून बोट फिरवायच्या आणि बोट नाकाशी न्यायच्या. "धूत नाई का वं रोज? वरवंटा नाई म्हून पाट्यानं उपास करावा काय?" मग हप्ता घ्यायच्या, मोजल्याशिवाय पिशवीत टाकायच्या, आणि स्वतःच्या गिलासात पाणी पिऊन विचारायच्या, "चटणी कायनं करतं?"

"तांब्याच्या बुडानं, सिस्टरबाई."

"चांगली होते?"

"नाही होत."

"नाईच होणार," त्या समाधानाने म्हणायच्या. "भेत जाय."

इतकं भ्यायला मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. कंपनीत ह्यांचा पगार उशिरा झाला की मला झोप लागायची नाही. शेजारणीचा वरवंटा मागून आणावा म्हटलं, तर तो हातात घेतल्यावर जणू सिस्टरबाई मागे उभ्या आहेत असं वाटून मी तसाच परत केला. ह्यांनी कपाळावर हात मारला. "अवं, त्या बर्डीवर हाएत!" असतील. माझ्या मानेवर तर त्यांचा श्वास लागत होता.

खरी आफत आली ती बाळंतपणासाठी सासूबाई गावाहून आल्या तेव्हा. त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्वयंपाकघरात डोकावल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वरवंटा कुठी हाय वं?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"अवं, डोकं फिरलं का तुमा दोघायचं? भरलं पोट अन् मोकळा पाटा! आमच्यात पाटा रातच्यालेही मोकळा नाई ठेवत. वरवंटा म्हंजे पाट्याचं लेकरू होय. त्याच्या मांडीवरचं लेकरू तुमी गहाण टाकलं, अन् तुह्या मांडीवर लेकरू येईन म्हनतं?"

संपलं. त्या दिवसापासून माझ्या अंगातलं उरलंसुरलं पाणी पळालं. पोटातलं मूल घटकाभर हललं नाही की मी त्या रिकाम्या पाट्याकडे बघायची. सासूबाईंनी त्यावर आधी लाटणं ठेवून पाहिलं, मग एक गोटा आणून ठेवला, मग दोन्ही काढून टाकलं. "फसवल्यासारखं वाटते," म्हणाल्या. त्यांचं तोंड तोफेसारखं असलं तरी त्याही भ्याल्या होत्या, हे मला कळत होतं.

मी एका दुपारी, तशा अवघडल्या अवस्थेत, दोन बसा बदलून बर्डीला गेले. पदर पसरला हो, अक्षरशः पदर पसरला. म्हटलं, बाळंत होईपर्यंत द्या, पाया पडते.

सिस्टरबाई म्हणाल्या, "नाई."

"सिस्टरबाई, लेकराच्या जिवाचा सवाल आहे."

"लेकराचा जीव पाट्यावर नसते. मी हजार लेकरं हातानं काढले. एकानंही बाहेर आल्यावर वरवंटा नाई मागितला. हप्ते फिटले का ने." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "बारशाले आणीन. पाळण्यात लेकराच्या आधी वरवंट्याचा गोपा घालाले लागते ना? घंटाभरासाठी आणीन. परत नेईन."

मी इतकी चिडले की जिना उतरताना त्यांना मनातल्या मनात चांगल्या चार शिव्या हासडल्या. चेटकीण म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर भ्याले की हे त्यांना ऐकू गेलं असेल.

बाळंतपणाच्या वेळी त्या आल्या. कोणी निरोप दिला कोण जाणे. निवृत्त होऊन वर्षं झाली होती तरी दवाखान्यात कोणाची त्यांना अडवायची छाती झाली नाही. माझं मनगट धरून उभ्या राहिल्या. मी रडत म्हटलं, "मला फार भीती वाटते." दुसरी कोणी असती तर धीर दिला असता. ह्या म्हणाल्या, "मंग भे. भेऊनच जोर लाव." मुलगी झाली. धडधाकट, आणि पहिल्याच टाहोत सासूबाईंना मागे टाकणारी.

बारशाच्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टरबाई रिक्षातून उतरल्या, छातीशी गुंडाळी. त्या दिवशी भिंत पाहायचं विसरल्या. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. वरवंट्याला त्यांनी घरूनच टोपडं-झबलं घालून आणलं होतं, काजळाची तीटसुद्धा लावली होती. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, असं म्हणत दगडाचं बाळ पाळण्याखालून या हातातून त्या हातात फिरायला लागलं. फिरत फिरत माझ्या हातात आलं. माझा अंगठा आपोआप त्याच्या टोकाशी गेला.

तिथे खळगा नव्हता.

मी दुसरं टोक चाचपलं. तेही गुळगुळीत. वरवंटा हलका होता, झिजून झिजून बारीक झालेला, कोणा म्हातारीचा असावा तसा. माझ्या आईचा नव्हताच. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बोलले तर सासूबाई काय करतील? परक्याचं दगडाचं बाळ माझ्या लेकीच्या आधी तिच्या पाळण्यात जातंय, याला काय म्हणायचं? मी तो पुढे देऊन टाकला. तो पाळण्यात गेला, निघाला, माझी मुलगी गेली, आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे बसले, सगळे हसले. मी हसले की नाही ते आठवत नाही.

बायका घुगऱ्या घेऊन निघाल्यावर मी सिस्टरबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "सिस्टरबाई, हा वरवंटा माझा नाही."

मला वाटलं, आता कडाडतील. त्यांनी वरवंटा हातात घेतला. टोपडं काढलं. उलटा केला, सुलटा केला. मग हळूच खाली, रिकाम्या पाट्याशेजारी बसल्या. पातळाचा तो कागदी आवाज आला.

"कोणाचा होय मंग?" त्यांनी मला विचारलं. मला!

मीही त्यांच्यासमोर खाली बसले.

"मी विसरून राहिली वं," त्या म्हणाल्या. "काही महिन्यांपासून. परवा पांढरं पातळ नेसून ड्युटीवर गेली होती दवाखान्यात. चौकीदारानं घरी आणून सोडलं. कोणता कोणाचा, कोणाचे किती राह्यले, सगळं माह्या डोक्यात होतं. आता पाह्यते त वरवंटेच दिसते, माणसं नाई दिसत." त्यांनी माझं मनगट धरलं, पण नाडी पाहायला नाही. "मालक म्हून राहिला, खोली खाली करा. कुठी जाऊ? मले भेव वाटून राहिलं."

जिच्या भीतीने मी इतके महिने अर्धी झाले होते, ती बाई माझ्या पाट्याशी बसून थरथरत होती, आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट पायाखालचं घरच हललं. वाटलं, ह्याच भ्याल्या तर आता आपण कोणाच्या भरवशावर भ्यायचं?

"तुह्याकडचे किती राह्यले?" त्यांनी विचारलं. "तू म्हनशीन ते खरं."

मी खरं ते सांगितलं. अजून पुष्कळ राहिले होते. मागे खुट्ट झालं म्हणून वळून पाहिलं, तर दारात सासूबाई. सगळं ऐकलेलं. आता महाभारत होणार म्हणून मी डोळेच मिटले. पण सासूबाई पुढे आल्या, सिस्टरबाईंच्या हातातला तो परका वरवंटा घेतला आणि आमच्या मोकळ्या पाट्यावर ठेवला.

"हा राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. "बाकीचे सारे घेऊन या. कोणती बाई आपला वरवंटा ओळखत नाई? अंधारात ओळखन. येतीन अन् नेतीन."

"अन् पैसे न देता नेले त?" सिस्टरबाईंनी विचारलं. लोकांकडची येणी हीच तर त्यांची सगळी पुंजी होती.

"मी बसते ना दारात," सासूबाई म्हणाल्या.

आणि बसल्या. ह्यांनी दोन रिक्षा करून वरवंटे आणले. निरोप तोंडातोंडी फिरला. आमच्या ओसरीवर रांगेने वरवंटे मांडलेले, आणि एकेक बाई येऊन, पुरुषांना मागे ठेवून, खाली बसून चाचपून बघतेय. कोणालाही फार वेळ लागला नाही. हात लागला की चेहराच बदलायचा. माझाही मिळाला. अंगठा खळग्यात बसला आणि मी सगळ्यांसमोर रडले. सासूबाईंचा कायदा एकच होता. वरवंट्यावर हात ठेवून किती राहिले ते मोठ्याने सांगायचं, मग घरी न्यायचा. एक बाई "आमचे फिटले" असं पुटपुटून उचलून निघाली. सासूबाईंनी तिला अडवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "याच्यावर पुढं लेकरा-नातवायच्या तोंडचं वाटशीन ना वं?" ती फाटकापर्यंत गेली, थांबली, आणि परत येऊन खरा आकडा सांगून गेली.

सगळे गेले. पाट्यावरचा तो झिजलेला एक मात्र राहिला. चार दिवस वाट पाहिली, कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंनी तो उचलून सिस्टरबाईंच्या हातात दिला. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "भिंतीले पाह्यता तसं पाहा."

सिस्टरबाईंनी डोळे मिटले. बोटं दगडावरून सावकाश फिरली. फिरता फिरता थांबली.

"माहाच होय," त्या म्हणाल्या. "माह्या मायचा. मीच ठेवला होता त्यायच्यात. म्हटलं, लोकायचे झाले का माहाही नंबर लागन. पण सोसायटीवाले म्हनत, नवऱ्याची सही आणा. एकटीले कोण देते घर?" मग त्यांनी डोळे उघडले आणि आमच्या स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघायला लागल्या. "पण माहा पाटा कुठी हाय?"

कुठल्याशा भाड्याच्या खोलीत राहून गेला होता. किती खोल्या बदलल्या, कोणत्या खोलीत, काही आठवेना. सासूबाई तोंडाला पदर लावून मागच्या दारी निघून गेल्या. ती बाभळींची बाजू होती, तिथे त्या कधी जात नसत.

सिस्टरबाई त्या दिवसापासून आमच्याकडेच राहिल्या. राहा असं कोणी म्हणालं नाही, जा असंही कोणी म्हणालं नाही. त्यांची खाट पुढच्या खोलीत आली. एका पाट्यावर दोन वरवंटे झाले. जुने देणेकरी येऊन पैसे देऊन जायचे, सासूबाई त्यांच्या उशाखाली ठेवायच्या. मीही महिन्याच्या महिन्याला त्यांच्या हातात हप्ता ठेवायची. त्यांची माणसं हळूहळू पुसली जात होती. एखाद्या दिवशी मला ड्युटीवरची आया समजून रागवायच्या. पण हातात हप्ता पडला की ताठ व्हायच्या.

"कायचे हे?"

"घराचे, सिस्टरबाई."

"फिटले का सारे?"

"नाही अजून."

"मंग भेत जाय," त्या म्हणायच्या, आणि मी मान हलवायची.

असं करता करता शेवटचा हप्ता आला. पैसे बाजूला काढले होते. पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि पाय थबकला. आत त्या भिंतीला बोटं लावून, डोळे मिटून उभ्या होत्या. आमची भिंत. रोजच पाहायच्या आताशा. मला त्यांची अट आठवली. हप्ते फिटले की तुह्या घरात पाय नाई ठेवणार. बाकी सगळं विसरल्या होत्या, पण ही बाई आपली अट विसरणाऱ्यातली नव्हती. पैसे हातात पडले असते, तर पांढरं पातळ नेसून, छत्री घेऊन, आपला वरवंटा छातीशी धरून त्या खरोखरच रस्त्यावर उतरल्या असत्या. कुठे जाणार होत्या?

मी परत फिरले. पैसे पदराला बांधले. सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी माझ्या पदराच्या गाठीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या महिन्याले पाहू."

आमच्या घराण्यात "पाहू" या शब्दाचा अर्थ काय होतो ते मी आधी सांगितलंच आहे.

पुढच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "फिटले का सारे?" मी म्हटलं, "नाही, एक राहिला." त्याच्या पुढच्याही महिन्यात तेच. त्या शेवटच्या आजारपणात बोलेनाशा झाल्या होत्या, तरी मी खाटेजवळ बसले की भुवई वर जायची. मला कळायचं काय विचारतात ते. "एक राहिला, सिस्टरबाई," मी सांगायची. मग त्या निवांत डोळे मिटायच्या. हात भिंतीला लागलेला असायचा.

आमच्या घरातूनच गेल्या. तो एक हप्ता अजून माझ्याकडे तसाच आहे, आणि मी अजून भिते.